पलीकडची थापी

मातीच्या भिंतीला दोन माणसं लागतात. माती, पेंढा आणि पाणी पायांनी तुडवून गारा करायचा, थरावर थर रचायचा आणि ओला असतानाच लाकडी थापीने ठोकायचा. अलीकडून एकाने, पलीकडून दुसऱ्याने, एकाच वेळी. नाहीतर भिंत पोट काढते. आम्ही नवरा-बायको वर्षानुवर्षं हेच करत आलो.

मास्तरांच्या घरामागची खोली अर्ध्यावर आली आणि ह्यांचा हात मुरगळला. मास्तरांची लेक बाळंतपणाला यायची होती, त्यामुळे थांबायची सोय नव्हती. मी एकटीच कामाला लागले. एक बाजू ठोकायची, मग वळसा घालून दुसरी.

दुपारी लक्षात आलं, वळसा घालायची गरजच पडत नव्हती. भिंत ओळंब्यात, अगदी सरळ होती. पलीकडे जाऊन पाहिलं तर थापीच्या ताज्या खुणा, सगळ्या उलट्या अंगाला कललेल्या. डावखुऱ्या माणसाच्या. आमच्यात डावखुरं कुणी नाही, आणि अंगणात तर चिटपाखरू नव्हतं.

ह्यांना सांगितलं. ऊन लागलं असेल, म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून येऊन बसले. मी ठोकायला लागले. माझ्या प्रत्येक ठोक्यासरशी पलीकडून ठोका येत होता.

"दुसरी थापी कुणाला दिलीस?" ह्यांनी हळूच विचारलं.

दुसरी थापी ह्यांच्याच मांडीवर होती.

मी थांबले. पलीकडचे ठोके थांबले नाहीत.

ते भिंतीच्या कडेकडेने सरकू लागले. दाराच्या मोकळ्या जागेकडे.

ह्यांनी माझं मनगट धरलं. मुरगळलेल्या हातानं.

दारापाशी आवाज थांबला. बाहेरच्या ओल्या चिखलात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

काम सोडावं असं दोघांच्याही मनात आलं, पण मास्तरांना सांगणार काय? शेवटी मास्तरांनाच पलीकडे उभं केलं आणि उरलेले थर ठोकून घेतले. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. छप्पर चढलं, भिंती वाळून खडखडीत झाल्या.

पुढे मी त्याच खोलीत बाळ बघायला गेले. लेक खुशीत होती. बाळ फार गुणाचं आहे, पाळण्यात ठेवलं की आपसूक झोपतं, असं कौतुकानं सांगत होती.

"मला कधी थोपटावंच लागलं नाही, मावशी."

मी बाळाला खांद्यावर घेतलं. पाठीवर हात ठेवला तर झबलं ओलं लागलं. हात काढून पाहिला.

तळव्याला गारा होता, आणि पेंढ्याची एक काडी.