अकरा तासांचा पंप

प्रसेनजीत डीपीवर चढून मीटर बसवत होता, तेव्हा खालून आवाज आला, "ओ पावणं, पडलासा तर बांधावर पडा. उसात नको, तोडणी व्हायची हाय अजून."

त्यानं खाली पाहिलं. केसांत अबोली, हातात वही, आणि डोळे... पक्कड हातातून सुटली आणि नेमकी उसातच पडली.

"गळती मोजायला आलोय," तो म्हणाला.

"मग वर काय शोधताय? गळती खालीच असती."

साल एकोणीसशे नव्याण्णव, गाव शिरोळजवळचं. प्रसेनजीत कागलचा, वीज खात्यात नवा इंजिनिअर. डीपीतून किती वीज गेली ते मीटर सांगणार होता, घरांची बिलं होतीच; पण शेतीपंपांना मीटर नव्हते. ते किती तास चालतात ते अंदाजानं धरायचं आणि उरेल त्याला गळती म्हणायचं. ऑफिसात हा अंदाज चहा येईपर्यंत उरकायचा. प्रसेनजीतला तो खरा हवा होता. नवा होता, चालायचंच.

ती वहीवाली सुष्मिता, बी.एस्सी. होऊन घरी बसलेली, पंप कानानं ओळखायची. रोज सकाळी सातला दोघं डीपीखाली.

"ऐका... खोकतोय तो केरबाचा. शिट्टी घालतोय तो पिराजीचा."

"आणि धडधडतोय तो?"

"तो पंप न्हाय," ती वहीतून मान वर न करता म्हणाली. "तुमचं काळीज असंल. त्याला मीटर हाय का?"

"न्हाय... अंदाजानंच चाललंय."

दोन महिन्यांनी हिशेब लागला. पंप दिवसाला सरासरी चार तास. गळती एक्केचाळीस टक्के! सुष्मितानं वही मिटली.

"आमचं गुऱ्हाळ थेट तारेवर हाय. आप्पांनी आकडा टाकलाय, तीन वर्षं झाली. लिवा."

"अगं, तुझ्याच घरावर—"

"लिवा म्हटलं की. माणूस खरं लिवणारा हाय का, तेवढंच बघायचंय मला."

दुपारी तिचे वडील बाळाप्पा गुळाची ढेप घेऊन ऑफिसात आले. पोरीनं घरीही खरंच सांगितलं होतं.

"पावणं, जात-बीत आपण मानत न्हाय," ते ढेप टेबलावर ठेवत म्हणाले. "टक्केवारी तेवढी मानतो. पंधरा लिवा. पोरगी दिली."

प्रसेनजीतच्या आईनं त्याला आधीच बजावलं होतं, लिंगायताच्या घरात आपल्याला कोण उभं करत नसतंय बाबा. आणि इथं तर घर स्वतः चालत आलं होतं, गूळ घेऊन. त्यानं चाराचे अकरा तास केले. गळती पंधरा टक्क्यांवर आली.

दुसऱ्या दिवशी सातला त्यानं हसत अहवाल तिच्यापुढे धरला. तिनं तो दोनदा वाचला.

"केरबाचा पंप अकरा तास?"

"हां."

"गावात वीज किती तास येती?"

"...आठ."

"मग वरचे तीन तास तो कशावर चालला?"

"प्रेमावर," तो म्हणाला.

ती हसली नाही. "बापाच्या विरोधात उभी राहिले मी... कुणाच्या भरवशावर?" वही त्याच्या हातात देऊन ती बांधावरून निघून गेली. लग्न तिनंच मोडलं. बाळाप्पांना फारसं वाईट वाटलं नाही. पंधरा टक्के कायम होते.

प्रसेनजीतला प्रशस्तिपत्र मिळालं आणि शाहूपुरीतल्या ऑफिसात बढती. चाचणीचा मीटर काढून नेला. कागदावरचे अकरा तास मात्र राहिले. वरच्या साहेबांनी ते पाहून ठरवलं, या गावाला वीज जास्त होते. आठाचे सहा तास केले. केरबाचा ऊस वाळला.

मग दर वर्षी जूनमध्ये एक अर्ज प्रसेनजीतच्या टेबलावर येऊ लागला : "आमच्या डीपीवर पुन्हा मीटर बसवावा." वहीतलं तेच अक्षर. तो आधी सही बघायचा. माहेरचंच आडनाव. मग शेरा मारायचा, "अंदाज समाधानकारक, मीटरची आवश्यकता नाही." मीटर दिला असता, तर पुढच्या जूनमध्ये अर्ज कशाला आला असता?

असे सहा अर्ज आले.

सातव्या अर्जावर आडनाव बदललेलं होतं.

त्यानं चष्मा पुसला, अर्ज पुन्हा वाचला आणि त्याच दिवशी मीटर मंजूर केला.