उजव्या कप्प्याची रेघ

पटणार नसेल तर राहू द्या. पण आमची मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही, आणि हे तिच्या बाबतीत घडलेलं आहे.

शनिवारची भर दुपार. हॉस्पिटलच्या तळघरातली एमआरआयची खोली. बाकीचा स्टाफ जेवायला गेलेला. काचेच्या अलीकडे मशीन चालवणारी मावशी, पलीकडे मशीनच्या बोगद्यात तिचा नवरा, म्हणजे आमचे घड्याळं दुरुस्त करणारे काका.

काकांच्या हृदयात जन्मापासूनच दोष. लहानपणी ऑपरेशन झालं, पण एक झडप गळकी राहिली. त्यामुळे हृदयाचा उजवा खालचा कप्पा हळूहळू फुगत जातो. दर वर्षी तो मोजायचा. हद्दीबाहेर गेला की पुन्हा छाती उघडायची.

इतकी वर्षं हे माप एकच बाई घ्यायची. काकांची पहिली बायको.

थोरली.

याच खोलीत, याच खुर्चीत बसायची ती. तापाचं निमित्त झालं आणि गेली. मावशी तिच्याच हाताखाली शिकलेली. आधी तिची खुर्ची मिळाली, मग तिचा संसार. लोक म्हणायचे, पोरीनं नशीब काढलं.

कसलं नशीब! मावशी मेलेल्या सवतीवर जळत होती. घरात पडदे थोरलीच्या पसंतीचे. कामावर डॉक्टरांचं एकच पालुपद, "थोरल्या बाईंसारखी रेघ कुणाला जमायची नाही."

रेघेचं असं असतं. हृदयाचा डावा कप्पा शहाणा, गोल. कॉम्प्युटर त्याला आपला आपण मापतो. उजवा मेला वाकडातिकडा. त्याच्या एकेका थराच्या फोटोवर हाताने रेघ ओढावी लागते. रेघेच्या आत येईल तेवढा कप्पा.

लग्नानंतरचं हे काकांचं पहिलंच स्कॅन. मावशीने हट्टाने स्वतःकडे घेतलं होतं.

तिने माइकचं बटण दाबलं. "अहो, श्वास घ्या... धरा... सोडा."

पहिला फोटो आला. दुसऱ्यासाठी तिने बटणाकडे हात नेला...

काकांचा श्वास स्क्रीनवर लाटेसारखा दिसत होता. ती लाट आधीच सपाट झाली होती.

तिने बटण दाबलंच नव्हतं.

पुढच्या फोटोलाही तेच. त्याच्या पुढच्याही. फोटो मात्र आरशासारखे स्वच्छ.

काका बाहेर आले ते खुशीत. "आज चक्क अरे म्हणालीस मला! 'धर रे' म्हणालीस. बरं वाटलं गं."

नवऱ्याला मावशी कधीच अरे म्हणत नसे.

अरे थोरली म्हणायची.

काका कपडे बदलायला गेले. दुसरी कुणी असती तर पळत सुटली असती. मावशी चिडली. मेली तरी हिची लुडबुड संपत नाही! दात-ओठ खात ती रेघा ओढायला बसली.

सगळ्यात वरच्या थरात खरी मेख असते. तिथे हृदयाचा वरचा कप्पा आणि खालचा कप्पा एकमेकांना चिकटून दिसतात. चुकून वरचाही मोजला, तर माप फुगतं. थोरली तो तुकडा नेहमी वगळायची. तो वगळायचाच असतो, हे मावशीला पक्कं ठाऊक होतं.

तरी तिने तो आत घेतला. मुद्दाम. थोरलीची मापं चुकत होती, हे एकदा सगळ्यांना दिसू दे.

आकडा हद्दीबाहेर गेला. त्या आकड्यावर काका थेट ऑपरेशनच्या टेबलावर गेले असते.

तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला...

श्वास घेतल्याचा. लांब, खोल.

काचेपलीकडे कुणीच नव्हतं.

मग सगळं शांत. घेतलेला श्वास कुणी सोडेचना. मावशी वाट बघत राहिली. बघता बघता तिचीच छाती दुखायला लागली.

तिने ती वरची रेघ पुसली, तो तुकडा वगळला.

आणि स्पीकरमध्ये... कुणीतरी हळूच श्वास सोडला.

डॉक्टरांनी नवं माप पाहिलं. ऑपरेशन नको, पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. वर आणखी, "वा! अगदी थोरल्या बाईंची रेघ." मावशी कसनुसं हसली.

एवढ्यावर संपलं असतं तर मीही भास म्हणून सोडून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांचा जरा डोळा लागला होता. मावशी शेजारीच पडली होती. काकांनी लांब श्वास घेतला... आणि धरून ठेवला.

"अहो, सोडा."

काही नाही.

तिने त्यांना गदागदा हलवलं. ओठ निळसर पडायला लागले होते. शेवटी सगळा ताठा गिळून ती म्हणाली, "सोड रे. सोड ना!"

काकांनी डोळे न उघडता हात वर केला. गप्प राहा, अशी खूण केली. मान दाराकडे वळवली, तिकडून कुणाचं तरी ऐकायचंय अशी...

मग श्वास सोडला.

हे आता अधूनमधून होतं. जागे झाल्यावर काकांना काही आठवत नाही. मी मावशीला विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"भीती कसली? संताप होतो नुसता. झोपतात माझ्या शेजारी आणि ऐकतात तिचं!"

आता वर्ष होत आलं, पुढच्या महिन्यात काकांचं स्कॅन आहे. मावशी म्हणते, यंदा मी सांगेन तेव्हाच श्वास धरायचा, बघतेच ती काय करते ते. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. 'धर' म्हणायला थोरली येईलच.

मावशीवर चिडून तिने 'सोड' म्हटलंच नाही तर...?