आजोबांना भांडायला माणूस हवा

आमच्या आजोबांनी चष्मा फ्रीजमध्ये ठेवला आणि दह्याचं भांडं पुस्तकांच्या कपाटात, तोवर आम्ही सगळे हसलो. पण परवा ते तारा जोडायचं तापलेलं सोल्डरिंग आयर्न तसंच टेबलावर सोडून झोपायला गेले. टेबलाला भोक पडलं. आई म्हणाली, "बस झालं, बाबा! रविवारी तुमच्या कार्यशाळेला कुलूप लागणार."

मला तर रडूच फुटलं. त्या खोलीत आम्हा दोघांचा ढगमापक (कुठला ढग बरसणार आणि कुठला नुसती ऐट करणार, ते सांगणारं यंत्र) अर्धवट पडला होता.

आता कोडं ऐका. आजोबा मोठे मेंदूशास्त्रज्ञ. जेवण मोजून, झोप वेळेवर, रोज एक शब्दकोडं. डॉक्टरांना तपासण्यांत आजार सापडला नाही. सेवेला होयबा, म्हणजे आजोबांनीच बनवलेला यंत्रमानव. शब्द अडला की तो पुरवायचा, पत्त्यांत मुद्दाम हरायचा आणि आजोबा काहीही बोलले तरी म्हणायचा, "अगदी बरोबर, आजोबा!" मग माशी शिंकली कुठे?

मी होयबालाच गाठलं. "काय रे, हा विसराळूपणा कधी सुरू झाला?"

"दिवाळीनंतर, शाल्मलीताई."

"दिवाळीत काय झालं होतं?"

"आजोबांनी मला पुढच्या दारावर नेमलं. फालतू गप्पा मारणाऱ्यांना आत सोडायचं नाही, म्हणाले. मी दाभाडे मास्तरांचं बोलणं तपासलं. त्यात उपयोगाचं काहीच आढळलं नाही. तेव्हापासून त्यांना रोज परत पाठवतो." आणि हे सांगताना स्वारी छाती फुगवून उभी!

दाभाडे मास्तर समोरच राहतात. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. रोज दुपारी आजोबांशी पत्ते खेळायचे आणि रोज भांडायचे. भांडणं थांबली म्हणून आई खूश होती!

"आज मास्तरांना आत घे."

"क्षमा करा. सूचनेत बसत नाही."

नाही बसत तर राहिलं! सूचना पुढच्या दाराची होती. मी मास्तरांना मागच्या दारानं, मोरीतून आत आणलं आणि होयबाला मटार सोलायला बसवलं.

आम्ही तिघांनी पाच-तीन-दोनचा डाव मांडला. आजोबा आधी चाचपडत होते. "तो तुझा... तो... काय म्हणतात त्याला..."

"गुला..." स्वयंपाकघरातून होयबा ओरडला. मी धावत जाऊन त्याचा आवाज बंद केला. मास्तर गप्प राहिले आणि मिशीत हसत त्यांनी एक पान टाकलं.

"दाभाड्या!" आजोबा गरजले. "हा इस्पिकचा गुलाम आला कुठून? मघाशी मी इस्पिकची राणी टाकली, तेव्हा इस्पिक नाही म्हणून हुकूम मारलास! लबाडा!"

"मी? लबाड? तुझे डोळे तपासून घे!"

आई धावत आली. दोघं लालबुंद होऊन हातवारे करत होते. ती दारातच थबकली. "बाबांना मघाचं पान आठवलं?"

मी तिचा हातच धरला. "आई, कुलूप नको ना!" आईनं आंब्यांच्या दिवसांपर्यंत मुदत दिली.

आजोबांनी होयबाची दारावरची सूचना रद्द केली. मग रोज डाव आणि रोज भांडण. जादू झाली नाही, चष्मा अधूनमधून फ्रीजमध्ये जातच राहिला. पण शब्द भराभर सापडायला लागले, आणि बटण बंद केलं का, ते आजोबा आपणहून बघायला लागले.

"असं कसं झालं हो आजोबा?" मी विचारलं.

"शब्दकोडं एका जागी गप्प बसतं. दाभाड्या बसतो का? तो पुढे काय बोलेल, देवाला ठाऊक! मला ऐकावं लागतं, मागचं आठवावं लागतं, त्याच्या मनातलं ओळखावं लागतं, शब्द शोधावे लागतात, वर रागही आवरावा लागतो."

"तो कुठे आवरता?"

"गप्प बस! हे सगळं एकदम करताना पुष्कळ चेतापेशी (मेंदूत निरोप पोचवणाऱ्या पेशी) कामाला लागतात. त्यांच्यामधल्या वाटा वापरात राहतात. शेतातल्या पायवाटेवरून कोणी गेलंच नाही तर गवत माजतं ना, तसंच. वाटा भरपूर असल्या की म्हातारपणी एखादी बुजली तरी दुसरीनं जाता येतं. या शिलकीला बोधनसंचय (विचारशक्तीची साठवण) म्हणतात. शिवाय एकटेपणाचा ताण मेंदूलाही सोसत नाही."

"म्हणजे मित्र असले की विसरायला होतच नाही?"

"छे! काही आजार मित्रांनाही जुमानत नाहीत. आणि कधी उलटंही होतं. मेंदू थकला की माणूसच लोकांना टाळायला लागतो. आधी काय आणि नंतर काय, हे शोधणं अवघड. पण माणसांत राहणाऱ्यांची बुद्धी बहुधा जास्त काळ तल्लख राहते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. एका म्हाताऱ्यावरून मात्र नियम काढू नकोस हं!" मग त्यांचा आवाज खाली आला. "जन्मभर हेच शिकवलं आणि स्वतःच दार लावून बसलो. दाभाड्या येईनासा झाला, तर तोच रुसला असं समजलो. फार एकटं वाटत होतं गं मला."

मी त्यांना घट्ट मिठी मारली.

आंबे आले. आईनं कुलूप आणलं आणि सरळ माझ्या सायकलला लावलं! कार्यशाळा पुन्हा आमची झाली. ढगमापक यंदाच्या ढगांवर तपासायचाय. आजोबा म्हणतात, तू मोठी होशील तेव्हाचे यंत्रमानव 'होय' कमी म्हणतील आणि माणसांना माणसांकडे धाडतील.

आमच्या होयबाची सुरुवात झालीच आहे. काल मास्तरांना यायला उशीर झाला, तर हा पुढचं दार सताड उघडून उभा. "मास्तर, लवकर आत या. आजोबा मघापासून तुमच्या नावानं खडे फोडतायत."

"वा!" चपला काढत मास्तर म्हणाले. "म्हणजे तब्येत ठणठणीत आहे."