पेरादच्या खिंडीत पाय टेकवायचा नाही

सालात नदीच्या दगडी पुलावर ओदील पिकमालने सायकलवर टांग टाकली, तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. वर पेरादच्या खिंडीपर्यंत पोचायचं, आणि तोवर पाय जमिनीला लावायचा नाही!

त्या खोऱ्यात नवा सायकलमार्ग असाच खुला होतो. ज्याने मार्ग शोधला त्याने प्रवासाचं सगळं सामान लादायचं आणि नदीपासून खिंडीपर्यंत पाय न टेकवता जायचं. पाय टेकला की मार्ग बाद, पुन्हा प्रयत्न पुढच्या जूनमध्ये. साक्षीदार मुद्दाम नदीपलीकडच्या सायकल क्लबातला घ्यायचा, म्हणजे तो डोळेझाक करणार नाही. त्याचा शब्द शेवटचा.

पुढच्या जूनपर्यंत थांबणं ओदीलला शक्य नव्हतं. लाकूर गावात घरातल्या चार खोल्या ती सायकलवर फिरणाऱ्यांना भाड्याने देई. पण जुना मार्ग पलीकडच्या काठाने जायचा. सायकलवाले तिकडूनच हात हलवत आणि निघून जात. ओदीलही हात हलवी, आणि घरात जाऊन कुणी न झोपलेल्या चादरींच्या पुन्हा घड्या घाली. आणखी एक हिवाळा रिकाम्या खोल्या तापवणं तिला झेपणार नव्हतं. नवा मार्ग मात्र थेट तिच्या दारावरून जाणार होता. खुला झाला तर!

"मॅडम पिकमाल, तुम्ही तयार आहात?" साक्षीदाराने मिशी सारखी करत विचारलं. हा फिर्मां रूश. कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला. पेडलला अजून जुने चामडी पट्टे लावणारा. जन्मात चढावर पाय टेकवला नाही, हे न विचारता सगळ्यांना सांगणारा.

"काय रे हे तुम्ही-बिम्ही? काल माझ्या झाडाच्या चेरी हादडताना बरा 'तू' म्हणत होतास!"

"आज मी साक्षीदार आहे. निकाल लागेपर्यंत मस्यू रूश म्हणायचं."

"म्हण गं बाई," मागून जिसलेन ओरडली. ही ओदीलची थोरली बहीण, बॅटरीच्या सायकलवर, आणि पुढच्या टोपलीत क्रुस्ताद, सफरचंदाची खुसखुशीत पेस्ट्री. "आज मस्यू म्हण, उद्यापासून पुन्हा गाढव म्हणायचंच आहे!"

निघाले!

पहिला टप्पा म्हणजे नुसता आनंद होता. डावीकडे हिरवं, फेसाळ पाणी, उजवीकडे पॉपलरची झाडं आणि त्यांचा हवेत तरंगणारा पांढरा कापूस, मधूनच एखादा पडका धोबीघाट, त्यावर वाळत घातल्यासारखी पसरलेली मांजर. लाकूर आलं. ओदीलने आपल्या घराच्या बंद खिडक्यांकडे पाहिलं आणि पेडलवर जोर दिला.

गाव संपताच नदीवरचा बुटका पूल. पूल कसला, पाण्यातून जाणारी काँक्रीटची पट्टी! वरचं बर्फ वितळलं होतं. पट्टीवरून पाणी खळाळत होतं.

"परत फिरायचं?" जिसलेनने विचारलं.

ओदीलने गिअर उतरवला आणि थेट पाण्यात घुसली! थंडी पोटरीला चावली. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं. पिशव्यांना प्रवाह लागला. सायकल सरकली. आणखी सरकली! खाली शेवाळ होतं. पाय खाली जायला शिवशिवले. तिने दात आवळले आणि फिरवत राहिली. फिरव! फिरव! पुढचं चाक दगडावर आपटलं, उडालं, आणि कोरड्यावर उतरलं.

"दोन्ही पाय पेडलवर होते," फिर्मां मागून निथळत्या अंगाने म्हणाला. "मी पाहिलं. दुर्दैवाने."

पुढे रानात बीचचं एक झाड वाटेवर आडवं पडलेलं. थांबायची सोय नाही! ओदील झाडाअलीकडच्या मोकळ्या जागेत गोल गोल फिरू लागली. जिसलेनने सायकल टाकली आणि फांद्या ओढायला लागली.

"मस्यू रूश, हात लावा की!"

"साक्षीदाराने हात लावायचा नाही."

"मिशी तरी लावा!"

ओदीलला गरगरायला लागलं. झाडं फिरू लागली, बहीण फिरू लागली, मिशीसुद्धा. शेवटी जिसलेनने एक मोठी फांदी कडाडकन मोडली. तिथून सायकल जाईल एवढी फट झाली. "घूस!" ती ओरडली. ओदील घुसली! गालावर ओरखडा उठला, एका पिशवीचा बंद तुटला, पण पाय अधांतरीच राहिले.

मग खरा चढ लागला. वळणामागून वळण. रान मागे पडलं आणि उघडी कुरणं लागली. गवतात पिवळी फुलं, वर अजून पांढरे पट्टे असलेले डोंगर, आणि वाऱ्यावर घंटांचा आवाज. ओदीलने वसंतात वाट शोधली तेव्हा ही कुरणं रिकामी होती. आता मेंढ्या वर आल्या होत्या.

रस्त्याकडेला पाटी होती. तिच्यावर पांढऱ्या कुत्र्याचं चित्र.

त्या पाटीचा अर्थ तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतो. डोंगरात अस्वलं आहेत, म्हणून कळपात राखणीचे कुत्रे असतात. सायकलवरून उतरायचं. सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरायची. हळू बोलत, चालत पुढे जायचं. चाकावरून सरसर येणारा माणूस त्याला शिकारी जनावरासारखाच वाटतो.

पण आज उतरणं म्हणजे सगळंच संपणं!

कळप वर, उतारावर लांब होता. ओदीलने श्वास रोखला आणि मुंगीच्या पावलांनी पेडल मारत पुढे गेली. कुत्रा दिसला नाही. वळण गेलं. आणखी एक गेलं. आणि समोर, शेवटच्या वळणापलीकडे, खिंडीचा दगडी खांब! आभाळात रोवल्यासारखा!

तेवढ्यात मागे घंटांचा कल्लोळ झाला. तिने मान वळवली. अख्खा कळप रस्त्यावर ओतला होता, आणि त्यातून एक वासराएवढा पांढरा कुत्रा थेट फिर्मांवर चालून जात होता. जिसलेन कळपाच्या पार खाली अडकली होती.

"उतरा, मस्यू रूश!" ओदील किंचाळली. "उतरा!"

"चढावर? मी?"

आणि त्या माणसाने पेडल मारलं! कुत्र्याने झेप घेतली. सायकल आडवी झाली. फिर्मांचा पाय चामडी पट्ट्यात अडकलेला, अंगावर सायकल, सायकलवर कुत्रा!

ओदीलचे पाय अजून फिरत होते. खांब समोर होता. एकच वळण! वर जाऊन परत आली असती तर? तेवढ्यात काय होणार होतं?

फिर्मां ओरडला. शब्द नव्हता त्यात, नुसता आवाज.

ओदीलने पाय टेकवला.

दोन्ही टेकवले. सायकल वळवली, आडवी धरली, आणि चालत खाली निघाली. धावावंसं वाटत होतं, पण धावायचं नव्हतं. कुत्र्याच्या डोळ्यांत पाहायचं नव्हतं. नुसतं बोलायचं होतं.

"काय रे राजा, किती गुणी आहेस तू," ती लाडात बोलू लागली. "किती छान मेंढ्या तुझ्या. आम्हाला नकोत हं त्या. हा माणूस पण नको, पण घेऊन जावा लागेल. माझ्याकडे चार खोल्या आहेत, बरं का. चादरी स्वच्छ आहेत..."

कुत्रा गुरगुरला. वळला. तिच्या पिशवीशी आला, हुंगू लागला. त्याचा गरम श्वास तिच्या हाताला लागला. ती बोलतच राहिली, चादरींबद्दल, जॅमबद्दल. त्याची शेपटी हळूच खाली आली.

वरून शीळ आली. "पातापूफ! इकडे!" मेंढपाळीण धावत उतरली, नादेज तिचं नाव. कुत्रा तिच्या पायाशी जाऊन भाबडेपणाने बसला. नादेजने फिर्मांचा पट्टा सोडवला. कोपर खरचटलं होतं, विजारीची चिंधी झाली होती, बाकी माणूस शाबूत.

"पाटी वाचता येत नाही?" नादेज कडाडली. "परवा एक, आज तुम्ही! आणि सगळे इथलेच, क्लबवाले! लांबून आलेले लोक निमूट उतरतात. तुमच्या पायांना माती लागली तर काय झडतात का ते?"

जिसलेन कळपातून वाट काढत आली आणि क्रुस्ताद कापायला बसली. नादेजने चीज काढलं.

"मी काही पाहिलेलं नाही," फिर्मां एकदम म्हणाला. "तोंडावर कुत्रा होता. त्याच्या पोटाखालून रस्ता दिसत नाही."

ओदीलचा घास थांबला. चार खोल्या, दारापुढे टेकवलेल्या सायकली, स्वयंपाकघरातला गलका, सगळं हातात आलं होतं.

"मी टेकवला, मस्यू रूश," ती म्हणाली. "आणि बरंच झालं. इथे न उतरण्याची फुशारकी मिरवत लोक येणार असतील, तर मला हा मार्ग नको. माझ्याकडे झोपलेला पाहुणा सकाळी कुत्र्याच्या तोंडी द्यायचा?"

फिर्मां उठला. लंगडत सायकलीपाशी गेला. पट्टे सोडवून खिशात घातले. मग सायकल हाताने ढकलत खाली पाटीपर्यंत गेला, तिथून वळला, आणि चढावर चालत परत आला. चालत! जिसलेनचा आ वासला.

"मार्गावरून लोकांनी जसं जायचं, तसाच तो पुरा करायचा," तो त्यांच्यापाशी येऊन म्हणाला. कान लाल झाले होते. "हा मार्ग पाटीपासून त्या वळणापर्यंत चालत जायचा आहे. इथे जो पाय टेकवणार नाही तो बाद! साक्षीदार सांगतो. चला, मॅडम पिकमाल, खाली पाटीपासून सुरुवात. अर्धवट चाललेलं मी धरत नाही."

"गाढवा!" ओदील हसत, डोळे पुसत म्हणाली.

"निकाल लागेपर्यंत मस्यू."

तिघं पाटीपासून चालत वर आली. पातापूफ काही अंतर सोबत आला, पाहुण्यांना निरोप द्यावा तसा. वळणावर ओदीलने सायकलवर टांग टाकली. आता दमाचा विचारच नव्हता! ती उभी राहून पेडल मारत सुटली, पिशव्या हेलकावत, तुटलेला बंद फडफडत, मागे जिसलेनच्या आरोळ्या! खांब जवळ आला, अंगावर आला, आणि तिने त्यावर तळहात आपटला.

खाली दूर सालात दोऱ्यासारखी चमकत होती, आणि त्या दोऱ्यालगत तिच्या घराचं लाल छप्पर.

फिर्मां धापा टाकत पोचला. खांबाला हात लावला, मिशी सारखी केली.

"चेरी उरल्यात का गं तुझ्याकडे?" त्याने विचारलं.