न तडकलेली काच

इमारतींच्या भेगा पाहण्यात ताईंची छत्तीस वर्षे गेली होती. निवृत्तीनंतरही जागा अवघड असली की बोलावणे त्यांनाच येई. हे प्राचीन देऊळ तर दुहेरी अवघड होते. तिन्ही बाजूंनी समुद्र, आणि आत पुजारी म्हणून सख्खा धाकटा भाऊ. ताईंनी ‘धोकादायक’ असे लिहिले की देवळाला कुलूप लागणार, भावाचे राहते घर जाणार. लिहिले नाही आणि भिंत कोसळली, तर ढिगाऱ्याखाली भाऊच सापडणार.

महिन्यापूर्वी गाभाऱ्यातल्या भेगेवर त्यांनी काचेच्या सात पट्ट्या आडव्या बसवल्या होत्या, दोन्ही टोके सिमेंटने पक्की करून. भिंत केसभर सरकली तरी अशी काच तडकते. तिला गळ घालता येत नाही, म्हणूनच ताईंचा तिच्यावर विश्वास.

त्या सकाळी भाऊ दिवा घेऊन पुढे आला. त्याच्याशी बोलताना ताईंना मान वर करावी लागली.

“उंच झालास की काय रे?”

“तूच खचलीस, ताई. आधी स्वतःला पट्टी लावून घे.”

सातही पट्ट्या अखंड होत्या. ताईंना हायसे वाटले. मग सवयीने त्यांनी भेगेत बोट घातले, आणि ते पेरभर आत गेले. गेल्या वेळी तिथे पोस्टकार्ड जेमतेम शिरले होते.

भेग रुंदावलेली आणि काच शाबूत? त्यांनी चष्मा पुसला, सिमेंट खरवडून पाहिले. पक्के होते. छिन्नीने एक पट्टी सोडवून त्यांनी हातात घेतली. काच कोमट होती. त्याच तावदानातून, त्याच मापाने कापलेली आठवी पट्टी पिशवीत उरली होती. तिच्यावर ही ठेवली.

बोटभर लांब भरली.

काचेवर कोरलेली तारीख ताईंच्याच हातची होती. फक्त अक्षरे आडवी पसरली होती.

“भिंत फुटत नाहीये, ताई,” भाऊ म्हणाला. “वाढतेय.”

“दगड वाढत नसतो.”

“दगडच आहे, असं तू म्हणतेस.”

खाली लाटा खडकावर आदळत होत्या. ताई दुपारपर्यंत एकेक पट्टी सोडवून मोजत राहिल्या. भीती वाटायला हवी होती, पण कुतूहलाने तिला जागाच ठेवली नव्हती. सातवी मोजून झाली तेव्हा त्यांनी कागद काढला, ‘धोकादायक’ असे लिहिले आणि खाली सही ठोकली.

“चंबूगबाळं आवर. माझ्याकडे राहायचं.”

“घर लहान पडेल गं.”

“दोन खोल्या रिकाम्या आहेत. चल म्हटलं की चलायचं.”

तो निमूट निघाला. लहानपणापासून त्याने एकही गोष्ट वाद घातल्याशिवाय ऐकली नव्हती.

बाहेर उन्हात पायरीशी ताईंच्या चपला होत्या. आठ वर्षे रोज वापरून पायाच्या आकाराच्या झालेल्या. त्यांनी पाय सरकवला. टाच जवभर बाहेर राहिली. त्यांनी पाऊल पुढे रेटले, पट्टा सैल केला, पुन्हा पाहिले.

भाऊ अनवाणीच उभा होता. समुद्राकडे न बघता तो ताईंच्या पावलांकडे बघत होता.

“पहिल्या दिवशी मलाही एवढंच जाणवलं होतं,” तो म्हणाला.