चार नंबरच्या दाराखालची पट्टी

तो पंखा आधी बंद कर रे. उकडलं तर उकडू दे. ही गोष्ट ऐकताना वारा नको.

आमच्या दवाखान्यात एक मिस्त्री होता, पंखे आणि हवेचे पाइप बघणारा. सगळे त्याला वारेवाला म्हणायचे. हात सोन्याचा, पण कामचुकार नंबर एक. चार नंबरची खोली छातीच्या संसर्गाच्या पेशंटची. तिथला पंखा खोलीतली हवा ओढून गच्चीवरून बाहेर टाकतो, म्हणजे पेशंटचा खोकला व्हरांड्यात येत नाही. रोज एकच परीक्षा. दार लावायचं, खालच्या फटीशी पातळ कागदाची पट्टी धरायची. पट्टी आत ओढली गेली, की दारावरच्या कार्डावर ‘ठीक’ लिहून सही. वारेवाला सोमवारीच आठवडाभराच्या सह्या ठोकून मोकळा व्हायचा. हसताय काय? तुम्हीही तेच करता, मला ठाऊक आहे.

एकदा मोटर जळाली. याने नवी बसवली, पण दोन वायरींची अदलाबदल झाली आणि पंखा उलटा फिरायला लागला. गच्चीवरची हवा आत, खोलीतली हवा दाराखालून बाहेर. आणि दारासमोरच रात्रपाळीच्या सिस्टरचं टेबल.

ती म्हणाली, “भाऊ, दाराखालून पायाला गार वारं लागतं हो. एकदा कागद धरून बघा ना.”

“सिस्टर, पायमोजे घाला,” म्हणत हा जेवायला गेला.

नऊ दिवस असेच गेले. दहाव्या दिवशी गच्चीवर गेला तेव्हा चूक दिसली. गुपचूप वायरी सरळ केल्या आणि तोंडाला कुलूप. पुढे सिस्टर खोकायला लागली. चौकशी बसली, तेव्हा याने काखा वर केल्या. “कार्ड बघा साहेब, रोजची सही आहे. बाईच मास्क काढून बसायच्या.” झालं! कार्डापुढे बाईचं कोण ऐकतो? तिच्यावर ठपका आला, पगार थांबला. औषधं लागू पडेनात. आठ महिन्यांनी त्याच चार नंबरमध्ये तिने प्राण सोडला. जाण्याआधी याला बोलावून म्हणाली, “भाऊ, एकदा तरी खरं लिहा.” हा म्हणाला, “आधी बऱ्या व्हा.” निर्लज्ज मेला!

तीन वर्षं गेली. याची एकुलती एक लेक नर्स झाली, आणि तिची पहिली नेमणूक कुठे? त्याच टेबलावर. बुधवारपासून रात्रपाळी. खाई त्याला खवखवे. याची झोपच उडाली.

मार्चची बारा तारीख, मंगळवार. रात्री दीड वाजता वारेवाला पट्टी घेऊन चार नंबरपाशी आला. खोली रिकामी होती, दाराला बाहेरून कडी. जन्मात पहिल्यांदा हा खरी परीक्षा घेणार होता, तीही लेकीसाठी. गुडघे टेकून त्याने पट्टी फटीशी धरली.

पट्टी बाहेर आली. याच्याकडे.

धावत गच्चीवर गेला. पंखा सुलटाच फिरत होता. खाली आला. पुन्हा धरली.

बाहेर.

पायाला गार वारं लागलं. आतून कुणीतरी खोकलं... बारीक... तोंडावर हात धरून खोकल्यासारखं.

“भाऊ... पायमोजे घातलेत?”

याची पाचावर धारण बसली. उठता येईना. दारावरचं कार्ड हलायला लागलं. हळूहळू.

“लिहा...”

काय लिहायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं. नऊ दिवस. फक्त तेवढंच. पण निवृत्तीला दोन वर्षं होती. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, लेकीसमोर तोंड काय दाखवायचं? त्याने खिशातून पेन काढलं. दाराला धरून कसाबसा उठला.

‘ठीक’ लिहिलं. खाली सही केली.

...

खोकला थांबला. बोटांतली पट्टी सुळकन आत ओढली गेली आणि दाराखाली नाहीशी झाली. आत! म्हणजे हवा बरोबर होती. “सुटलो रे बाबा,” तो मोठ्यानं म्हणाला. अगदी रडकुंडीला आला होता.

पावणेचारला घरी पोचला. लेकीचा इस्त्री केलेला नवा गणवेश खुंटीला टांगलेला. तिच्या खोलीचं दार लावलेलं होतं. चप्पल काढायला वाकला आणि तसाच राहिला.

दाराखालच्या फटीत पट्टी. बाहेर फडफडत होती.

आतून लेक खोकली. “बाबा... आलात? पायाला गार वारं लागतंय हो.”

पहाटे त्याने मला बोलावून घेतलं. खिडक्या बंद, पंखा बंद, सगळं मी स्वतः तपासलं. पट्टीवर ‘ठीक’ लिहिलेलं. अक्षर त्याचं, सही त्याची. आणि तो शपथेवर सांगत होता, की मी कार्डावर लिहिलं, पट्टीवर नाही.

मग त्याने साहेबांपुढे जाऊन सगळं खरं लिहून दिलं. नऊच्या नऊ दिवस. पोरीला तोच आजार निघाला, तीच औषधं लागू पडेनात. त्या टेबलावर ती एक रात्रही बसली नव्हती. पावसाळ्याआधी गेली.

परवा त्याच्याकडे गेलो होतो. लेकीची खोली बंदच असते. पट्टी काढली तरी सकाळी पुन्हा तिथेच सापडते, म्हणाला. मी वाकून पाहिलं. फडफडत होती... बाहेर.