बंद खोलीतला तंबोरा

“हाच घेऊ! नवा आहे, चकचकीत आहे आणि स्वस्तही!” कमलाकरकाकांनी लाल तंबोरा उचललासुद्धा!

सईचं तोंड उतरलं. गाण्याच्या परीक्षेसाठी तिला तंबोरा हवा होता खरा. पण याचा आवाज अगदी बसका होता.

इतक्यात भिंतीपलीकडच्या कारखान्यातले यंत्रमाग चहाच्या सुट्टीसाठी थांबले. बिरप्पांच्या वाद्यांच्या दुकानात एकदम शांतता पसरली. आणि मागच्या कुलूपबंद खोलीतून कुणीतरी हुंकारलं, “ऊंऽऽऽ...”

“कोण हाय तितं?” केम गावाहून सुट्टीला आलेला सईचा मावसभाऊ शिवराज दचकला.

“आमच्या गवई बुवांचा तंबोरा, दुरुस्तीला आलेला,” बिरप्पा पुटपुटले. “बुवा गेले, तेव्हापासून आपोआप कण्हतोय. उद्या तळ्यात सोडणार बघा!”

सईच्या अंगावर काटा आला. पण तो सूर किती गोड होता!

“आजोबा, मला बघू द्या ना!”

“नको गं पोरी!” म्हणत म्हणत त्यांनी अखेर कुलूप काढलं.

आत अंधार, धूळ, जळमटं. कोपऱ्यात भिंतीला टेकून, पांढऱ्या कापडाखाली कुणी उभं असावं तसा तंबोरा! सईनं कापड ओढलं. तारा शांत होत्या. ती तिथंच थांबली. पाच मिनिटं... दहा... शिवराजचा हात तिनं घट्ट धरला होता.

पलीकडे माग सुरू झाले. सईनं तारेवर बोट टेकवलं. तार जिवंत गळ्यासारखी थरथरत होती!

“सई, पळ!”

“थांब! भिंतीला हात लाव. तीही थरथरतेय!”

शिवराजचे डोळे चमकले. “ह्यो बी घुमतोय का बघू!” म्हणत बिरप्पांना गळ घालून त्यानं लाल तंबोरा त्याच सुरात लावून घेतला आणि जुन्याशेजारी टेकवला. मग तो कारखान्यातल्या मुकादमाकडे धावला. “मामा, एक मिनिट माग थांबवा की!”

खडखडाट थांबला. जुना तंबोरा घुमला, “ऊंऽऽऽ...” लाल मात्र मुका!

“मागांचा हादरा भिंतीतून येतो, आजोबा! खडखडाटात ऐकू येत नाही, माग थांबले की उरलेला सूर ऐकू येतो, एवढंच!” सई ओरडली.

बिरप्पांनी लाल भोपळ्यावर टिचकी मारली. “रंगाचे थर नुसते, म्हणून हा घुमत नाही! आणि मी खुळा, असलं वाद्य बुडवायला निघालो होतो!”

“बोलली नसतीस तर फुकट मिळाला असता की,” शिवराज कुजबुजला.

“भुताच्या नावावर फुकट घ्यायचा?” सईनं डोळे वटारले.

काकांनी ते ऐकलं. “बिरप्पा, याची योग्य किंमत सांगा. मी नुसती चकाकी बघत बसलो. पोरांनी कान दिला. शाबास!”

“बुवा असते, तर दोघांच्या पाठीवरून हात फिरवला असता त्यांनी,” बिरप्पा म्हणाले.

सईनं भोपळा मांडीशी घेतला आणि तारा छेडल्या. कितीतरी दिवसांनी तो तंबोरा माणसाच्या बोटांनी बोलला.